बिनमिठाची आग

पांढरघाटच्या मोक्षधामात, भट्टीच्या कंट्रोल पॅनेलच्या मागे, माठाशेजारी मिठाचा एक डबा असायचा. साधा स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. नगरपरिषदेच्या सामानाच्या यादीत तो नव्हता. भट्टी बसवणाऱ्या कंपनीच्या जाडजूड पुस्तकात तर तो असण्याचा प्रश्नच नव्हता. भट्टी चालवणाऱ्या प्रणिता भोयरने तो घरून आणला होता, आणि गेली चार वर्षं पांढरघाटात जो कुणी गेला, तो या डब्यातली एक मूठ घेऊन गेला.

आता तुम्ही म्हणाल, मढ्याला मीठ कशाला? सांगतो.

पांढरघाट हे वर्धा नदीच्या काठचं कोळशाचं गाव. नाव पांढरं, पण दोरीवर वाळत घातलेलं धोतर तिथे संध्याकाळी काळं होऊनच घरात यायचं. मग खाणी बंद झाल्या. उघड्या खाणीचा तो अजस्र खड्डा पाण्याने भरला, पाण्यावर सौर पॅनेलं तरंगायला लागली, आणि काठावर शुभ्र पेट्यांची रांग उभी राहिली. त्या पेट्यांत जे चालतं ते शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं. एकीकडे ऑक्सिजन निघतो, दुसरीकडे हायड्रोजन. वीज उन्हाची, म्हणून हा हायड्रोजन हरित. तो जाळला की धूर नाही, काजळी नाही. जळताना ऑक्सिजनशी त्याची पुन्हा गाठ पडते आणि परत पाणीच होतं. गावच्या बस त्याच्यावर धावायला लागल्या, वीटभट्ट्या त्याच्यावर भाजायला लागल्या, आणि लाकडाची चिता बंद करून मोक्षधामात दोन भट्ट्या बसल्या. एका देहाला दहा-बारा किलो वायू पुरतो. भट्टीमागच्या नळीतून शंभरेक लिटर पाणी निघतं, ते आवारातल्या कडुलिंबांना जातं. पुण्या-मुंबईची मंडळी येऊन फोटो काढून गेली. सगळं कसं छान झालं.

एक गोष्ट तेवढी कुणी सांगितली नाही. आपल्याला आग पिवळी दिसते ती तिच्यात कार्बनचे कण तापून चमकतात म्हणून. हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही, मग चमकणार काय? भर दुपारी ती ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. हात घातला तर हात जाईल, पण डोळ्यांना काही नाही.

पहिल्याच दिवशी एक रिटायर्ड हेडमास्तर आले, म्हणजे त्यांना आणलं. भट्टीला समोर एक जाड काच. काचेच्या बाजूला बटण, ते मुलाने दाबायचं, तोच अग्नी. वर एक लहानसं दार, त्यातून पळीभर तूप आणि चंदन टाकायचं. बर्नर आधी छतालगत पेटतात, भट्टीच्या विटा तापवतात, मग खालच्यांची पाळी. पुढचं घरच्यांना बघवणार नाही म्हणून तीन मिनिटांनी काचेवर पडदा आपोआप खाली येतो. तर मुलाने बटण दाबलं, काचेला नाक लावून उभा राहिला, तीन मिनिटं झाली आणि पडदा पडला.

"आग कुठं हाय?" मुलगा म्हणाला.

"लागली ना दादा," प्रणिता म्हणाली.

"कुठं लागली? बाप माहा तसाच पडून होता! मी आग देल्लीच नाही!"

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणी म्हणे यंत्र बंद आहे, कुणी म्हणे मास्तरांना बाहेर काढा. प्रणिता बिचारी आकडे दाखवत होती, सहाशे अंश, साडेसहाशे अंश, पण आकड्याला कोण हात जोडतं? मुलगा मटकन खाली बसला तो उठेचना.

त्या दिवशी घरी जाताना तिला आई आठवली. लहानपणी आई दृष्ट काढायची, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची, आणि चुलीतला जाळ भपकन पिवळाधमक व्हायचा. मिठात सोडियम असतं, ते तापलं की पिवळा उजेड देतं. तिच्या आयटीआयच्या पुस्तकातही ते होतं. दुसऱ्या दिवशी तिने तुपाच्या दारातून मूठभर मीठ टाकलं. काचेमागे सोन्यासारखी ज्वाळा उठली. बाहेर उभ्या माणसांचे हात आपोआप जोडले गेले, एक बाई हमसून हमसून रडायला लागली. रडायला यायला काहीतरी दिसावं लागतं हो.

तेव्हापासून तो डबा.

*

प्रणिताचे वडील लटारी भोयर. चौतीस वर्षं वीज केंद्रात बॉयलरवर होते. कोळशाच्या जाळासमोर उभं राहून राहून भुवयांचे केस कायमचे गेलेले. घामाने भिजलेलं बनियन वाळलं की त्यावर पांढरे पांढरे डाग उमटायचे. आई ते धुवायला घेताना म्हणायची, "तुह्या बापाच्या एका बनियनात महिन्याच्या भाजीचं मीठ निघन वं."

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता घरात हे दोघंच. प्रणिताने लग्न केलं नाही; मोक्षधामात काम करणाऱ्या बाईसाठी स्थळं येत नाहीत, आणि तिनेही कधी वाट पाहिली नाही. लटारी खाटेवर पडून तिच्या नव्या आगीला नावं ठेवायचे.

"जी दिसत नाही ते आग कायची वं?"

"तुम्हाले तं काहीच पटत नाही, बाबा. धूर नाही, काजळी नाही, आणखी काय पाह्यजे?"

"तू डोकावून पाह्यते का आत? का नुसतं आकड्यायकडेच?"

"आकडे बरोबर असते. डोकवाचं कायले?"

"पोरी, आकडा खोटं बोलू शकते, जाळ नाही बोलत. बॉयलरले पाहाचं भोक कायले ठेवते? आम्ही घंट्याघंट्याले डोकवत होतो."

भट्टीलाही मागच्या बाजूला असं एक भोक होतं, बोटभर रुंदीचं, लोखंडी झाकणाचं. ते फक्त मेकॅनिकने उघडायचं असा नियम. प्रणिताने ते कधी उघडलं नव्हतं. बापाचं बोलणं तिने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं, आपण सगळेच सोडतो तसं.

एकदा जेवताना लटारी म्हणाले, "मी मेलो का मले मीठ टाकशीन ना?"

"भाजीत टाकते तेवढं पुरे नाही का?"

"मजाक नोको करू. वचन दे."

"तुम्ही तं मेलेले राहान, तुम्हाले कशी दिसन ज्वाळ?"

"मले नाही वं. प्रफुलले." लटारींनी घास ताटात ठेवला. "त्याले दिसली पाह्यजे."

प्रफुल म्हणजे प्रणिताचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो राजस्थानातल्या सौर प्रकल्पावर होता. वादळात गाड्या बंद झाल्या, दोन दिवसांनी पोहोचला, तेव्हा त्याच्या हातात नुसतं अस्थींचं गाडगं आलं. तेव्हापासून पोराचं कुठेतरी बिनसलं. नागपुरातला कामधंदा ठीक, बायको-पोरगी ठीक, पण दर दिवाळीला घरी येताना तो आईसाठी लुगडं आणायचा. काही न बोलता पेटीत ठेवायचा. पेटीत नऊ लुगडी झाली होती.

"त्याले अजून वाटते का माय कुठं तरी गेली हाय," लटारी म्हणाले. "त्यानं जाळ पाह्यला नाही ना. जाळ पाह्यला का मन मानते. माह्या वेळी तसं नको. त्यानं उभं राहून पाह्यलं पाह्यजे का बाप जळला."

"देते वचन," ती म्हणाली. मूठभर मिठाचं तर वचन, त्यात काय जड?

*

एप्रिलच्या शेवटी कंपनीकडून तपासणीला देवस्थळी मॅडम आल्या. पुण्याच्या, तिशीच्या आतबाहेर, डोक्यावर रुमाल बांधून थेट भट्टीत शिरणाऱ्या. दोन नंबरच्या भट्टीतून त्या बाहेर आल्या तेव्हा हातात बर्नरचं एक तोंड होतं. त्याला केसाएवढ्या बारीक चिरा गेलेल्या, आणि कडेने हिरवट-पांढरं कीट.

"प्रणिताताई, यात कुणी मीठ टाकतं का?"

खोटं बोलता आलं असतं. प्रणिताने डबा आणून पुढे ठेवला.

मॅडम खाली पायरीवर बसल्या. "किती वर्षं?"

"चार."

"अहो, मिठाची वाफ होते ना, त्यातलं क्लोरिन गरम पोलाद खातं. एकदा का बारीकशी चीर पडली की हायड्रोजन तिच्यात शिरतो. जगातला सगळ्यात लहान रेणू आहे हा, कुठूनही वाट काढतो. पोलादाच्या आत शिरून त्याला काचेसारखं ठिसूळ करतो. त्याला वास नाही, ज्वाळा दिसत नाही. गळून बाहेर पेटला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही की तुम्ही आगीत उभ्या आहात."

"लोकायले दिसत नाही, मॅडम. बाप जळला का नाही तेच त्यायले समजत नाही. तुम्ही एक दिवस उभ्या राहून पाहा."

मॅडमनी बर्नरचं तोंड फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माझ्या अहवालात मी 'क्षारांमुळे झीज' एवढंच लिहिते. क्षार कुठून आले ते लिहीत नाही. दोन नंबर आजपासून बंद. नवीन बर्नर यायला महिना लागेल. एक नंबर चालवा, पण त्याच्याही तोंडाला चिरा आहेत. ताई, यापुढे एक मूठसुद्धा नाही. ही भट्टी नुसती बंद पडणार नाही, फुटेल. वचन द्या मला."

प्रणिताने तेही वचन दिलं. एकाच गोष्टीची दोन वचनं, आणि दोन्ही मनापासून.

तीन आठवडे बिनमिठाच्या आगी लागल्या. लोक काचेसमोर उभे राहायचे, पडदा पडायचा, आणि मग तिच्याकडे वळायचे. "आमच्याच माणसाले काहून नाही, ताई? आमचं काय चुकलं?" एका म्हाताऱ्याने तर तिच्या पायाला हात लावला. घरी येऊन बापाला काही बोलली नाही.

*

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पारा एकोणपन्नासावर गेला. एवढं पांढरघाटला नवं नाही. पण या वेळी उन्हाबरोबर ढग आले आणि हवा ओली झाली. माणसाचं अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवाच ओली असली तर घाम वाळत नाही, अंगावर नुसता वाहतो, आणि आतली उष्णता आतच राहते. मग सावली, पंखा, माठाचं पाणी कशाचाच उपयोग नाही. धडधाकट माणूस सहा तासांत जातो, म्हाताऱ्यांची तर गोष्टच नको.

लटारी ओली चादर पांघरून पडले होते. "पोरी, एक सांग. धूर बंद होऊन दहा वर्ष झाले ना? मंग ऊन कमी काहून होत नाही?"

"बाबा, गेला तो धूर वरच आहे अजून. शेकडो वर्ष राहते म्हणते तो. आता नवा सोडला नाही म्हणून आणखी वाढणार नाही, एवढंच. पण चढलेलं उतरत नाही लवकर."

"म्हणजे माह्या बॉयलरचाही त्यात असन."

"सगळ्यायचाच असन."

"चौतीस वर्ष," लटारी म्हणाले. "मले वाटे मी गावाले उजेड देऊन राह्यलो." त्यांनी डोळे मिटले. प्रणिताने चादर पुन्हा भिजवून त्यांच्यावर घातली. "उजेडच देल्ला, बाबा," असं ती म्हणाली खरी, पण तोवर ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं अंग तापलेलं आणि कोरडं ठक्क होतं. घाम थांबला होता. दवाखान्यात व्हरांड्यातसुद्धा जागा नव्हती. रिक्षातच, दवाखान्याच्या फाटकासमोर, त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि सोडला. त्यांचं बनियन तोवर वाळून कडक झालं होतं.

प्रफुलला तिने फोन केला. "या खेपेला मी येतोच, ताई," तो म्हणाला. "मी येईपर्यंत थांबा." आणि खरंच, तो नागपूरहून मिळेल त्या पहिल्या बसने साडेदहाला पोहोचला. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर.

*

मोक्षधामात कडुलिंबाखाली ओल्या पोत्यांनी झाकलेल्या अकरा तिरड्या होत्या. लटारी बारावे होते, पण रांगेतल्या लोकांनी प्रणिताला ओळखून वाट दिली. दुसरा ऑपरेटर सलाइनवर होता, त्यामुळे पॅनेलवर तीच. बापाला भट्टीत ढकलणारीही तीच.

प्रफुलने न्हाऊन ओलं धोतर नेसलं होतं. तो तिच्या कानाशी आला. "बाबायनं मले फोनवर सांगतलं होतं. तू मीठ टाकतं, जाळ दिसते म्हणून. आहे ना मीठ?"

"आहे," ती म्हणाली.

डबा समोरच होता. तिने झाकण काढलं, मूठ भरली आणि पायऱ्या चढून तुपाच्या दाराशी गेली. तिथून खालचं सगळं दिसत होतं. अकरा तिरड्या, आणि त्यांच्याभोवती पदराने, पेपराने, पुठ्ठ्याने वारा घालणारी माणसं. या अकरांना उन्हात ताटकळत ठेवलं होतं ते कुणी? दोन नंबरची भट्टी खाल्ली ती कुणी? याच मुठीने. आता एक नंबर फुटली तर हे अकरा कुठे जाणार? पन्नास मैलांत दुसरी भट्टी नाही, लाकूड नाही. आणि भट्टी फुटली तर काचेसमोर कोण उभं आहे? प्रफुल.

तिने पळीभर तूप टाकलं. मूठ टाकली नाही.

"दाब," ती म्हणाली.

प्रफुलने बटण दाबलं. पॅनेलवरचे आकडे चढायला लागले. काचेमागे लटारी पांढऱ्या कापडात निजले होते, सकाळी खाटेवर होते अगदी तसेच.

"लागली का?"

"लागली."

"मले नाही दिसत. ताई, मीठ टाक ना."

"नाही टाकता येत, प्रफुल. भट्टी फुटन."

"एक चिमूट टाक. एक चिमूट, ताई! बाबायले वचन देल्लं होतं तू!"

भाऊ काचेला दोन्ही हात लावून आत पाहत होता, डोळ्यांची पापणी न हलवता, जणू पापणी लवली तर तेवढ्यात निसटेल. मागच्या रांगेतली माणसंही श्वास धरून उभी होती. तीन मिनिटं किती मोठी असतात ते त्या दिवशी कळलं. मग पडदा खाली आला, कटकन आवाज झाला.

प्रफुल काचेपासून बाजूला झाला. ओरडला नाही, तेच वाईट. "मायलेही नाही पाह्यलं," तो हळूच म्हणाला, "आन आता बापालेही नाही. चाललो मी."

"थांब रे. अस्थी घेऊन जा."

"हाडकं मले माहीत आहे. मायचेही देल्ले होते. कोणाचेही राहू शकते ते."

तो ओल्या धोतरानेच फाटकाबाहेर गेला. रस्त्यावर बस उभी होती. मागे तिच्या नळीतून पाण्याचे थेंब डांबरावर पडत होते आणि पडताच वाळत होते. बस निघाली.

प्रणिता पॅनेलपाशी परत आली. आकडे बरोबर होते. पाचशे, सहाशे, सातशे. चार वर्षांत हजारभर माणसं तिने या आकड्यांवर विश्वास ठेवून जाळली होती. पण हा बाप होता. "डोकावून पाह्यते का आत?" असं विचारणारा बाप. नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून ती भट्टीमागे गेली, फडक्याने धरून भोकाचं लोखंडी झाकण फिरवलं आणि डोळा लावला.

आत सगळं पिवळं होतं.

तिला आधी वाटलं, जुनं मीठ राहिलं असेल विटांना चिकटून. पण जाळ छताला नव्हता, खाली होता. लटारी पेटले होते, आणि त्यांच्या अंगातून, छातीतून, खांद्यांतून पिवळीधमक ज्वाळा उठत होती, मुठीच्या मिठाने कधी उठली नाही एवढी मोठी. माणसाच्या अंगात मीठ असतंच की. रक्तात असतं, घामात असतं. चौतीस वर्षं बनियनावर उमटत होतं ते काय होतं? खालचे बर्नर लागले, देह पेटला की अंगातल्या कार्बनबरोबर ते मीठही आपोआप चमकतं आणि आग आपोआप दिसते. दहा मिनिटांनी. पडदा तीन मिनिटांनी पडतो.

म्हणजे मिठाची कधी गरजच नव्हती. चार वर्षं एकाही माणसाला नव्हती. फक्त सात मिनिटं जास्त थांबायला हवं होतं, फक्त एकदा इथे डोकवायला हवं होतं. देवस्थळी मॅडमना हे माहीत असणार, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि न लागणाऱ्या त्या मिठाने एक भट्टी खाल्ली होती, अकरा तिरड्या उन्हात ठेवल्या होत्या, आणि भाऊ घालवला होता.

तिने घाईघाईने मोबाइल काढून भोकाला लावला, भावाला व्हिडिओ कॉल केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"प्रफुल, पाह्य! पाह्य, बाबा जळून राह्यले! दिसते का? पिवळा जाळ दिसते का?"

पलीकडे बसचा आवाज. प्रफुलचा चेहरा पडद्यावर हलत होता. त्याने पाहिलं, चांगलं पाहिलं. मग म्हणाला, "आता टाकलं मीठ?"

"नाही रे! टाकलंच नाही! हे त्यायच्या अंगातलं आहे, घामाचं आहे, आपोआप..."

"मी होतो तवा भट्टी फुटत होती. मी गेलो का टाकलं."

"प्रफुल, देवाशपथ नाही टाकलं!"

"ताई, तू सगळ्यायले हे दाखवतं. मिठाचा जाळ. मले बाबायचा पाहाचा होता." फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग फोनच बंद असल्याचं सांगणारी बाई बोलायला लागली.

आत लटारी जळत होते, आणि ते बघणारं जगात एकच माणूस होतं, ज्याला बघायची गरज नव्हती. या दिवाळीला प्रफुल लुगड्याबरोबर धोतरही आणेल, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. तिने झाकण लावलं. हातातली मूठ तिने अजून सोडली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. उघडून पाहिली तर मीठ घामाने विरघळून गेलं होतं, तळहात नुसता चिकट झाला होता.

*

दुपारी दोन वाजता पाळी आली उरकुडे म्हाताऱ्याच्या बायकोची. म्हातारा एकटाच होता. चार भाडोत्री खांदेकरी तिरडी ठेवून निघून गेले होते. त्याने बटण दाबलं, काचेसमोर उभा राहिला, पडदा पडला. त्याने प्रणिताकडे वळून काही विचारलं नाही. नुसता तिथेच उभा राहिला, कुठे जायचं ते न समजल्यासारखा.

"बावा," प्रणिता म्हणाली, "दहा मिनिटं थांबा लागन. थांबता?"

"मले कुठं जाचं हाय?"

दहा मिनिटांनी तिने त्याला हाताला धरून भट्टीमागे नेलं, झाकण फिरवलं. म्हाताऱ्याने वाकून डोळा लावला. बराच वेळ हलला नाही. वर पाहिलं तेव्हा त्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

"जळून राह्यली," तो म्हणाला. "पिवळी झाली सारी. लग्नात हळद लागली होती तशी." त्याने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. "लय उपकार झाले, माय. समदे म्हणत होते का आता ही बाई कोणालेच मीठ टाकत नाही. तुनं मले टाकलं."

प्रणिताने तोंड उघडलं. त्याला सांगावं, की बावा, हे मीठ माझं नाही, तुमच्या बायकोचं आहे, साठ वर्षं तुमच्या घरात राबून अंगात साठलेलं. पण सकाळपासून खरं सांगून सांगून ती थकली होती. आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर, कितीतरी वेळाने, कुणीतरी आपल्यावर दया केली असं समाधान होतं.

"हो, बावा," ती म्हणाली. "टाकलं."

मग तिने झाकण घट्ट लावलं आणि पुढच्या तिरडीला हात घालायला गेली. कडुलिंबाखाली अजून दहा होत्या.